दर पाच शब्दांनी धक्का

स्कॅन होऊन आलेला जुना छापील मजकूर संग्रहात जाण्याआधी तपासणं, हे माझं काम. पान न् पान वाचणं शक्यच नाही, त्यामुळे भिस्त आकडेवारीवर. त्या दिवशीची फाइल नेहमीच्या चाळण्यांतून बिनबोभाट निघाली. शब्द शुद्ध, अक्षरांचं प्रमाण ठीक. झिफचा आलेखही (कोणता शब्द किती वेळा येतो, त्याचा) जवळजवळ सरळ: सर्वाधिक येणाऱ्या शब्दाच्या साधारण निम्म्या वेळा दुसरा, एक तृतीयांश वेळा तिसरा. या आलेखाचं कौतुक मला जरा अतीच वाटतं. त्याला मोजणी कळते, क्रम कळत नाही. सगळे शब्द पिशवीत घालून हलवले तरी तो तस्साच राहील.

क्रमासाठी माहितीशास्त्राचा पाया घालणाऱ्या क्लॉड शॅननकडेच जावं लागतं. त्यानं १९५१ साली लोकांना इंग्रजी मजकुरातलं पुढचं अक्षर ओळखायला लावलं. मोकळी जागा धरून २७ चिन्हं, सगळी सारखीच संभाव्य असती तर अक्षरामागे ४.७६ बिट (बिट हे माहितीचं माप) माहिती. पण आधीची शंभरेक अक्षरं माहीत असली की ती ०.६ ते १.३ बिटांवर येते. आम्ही हेच शब्दांवर करतो. निम्मी शक्यता असलेला शब्द आला तर १ बिटाचा धक्का, १०२४ मध्ये एक असेल तर १० बिटांचा.

या फाइलीच्या धक्क्यांच्या आलेखात दर चार-पाच शब्दांनी सुळका उठत होता. संगीताच्या स्वरलिपी तपासणाऱ्या बाई शेजारीच बसतात. स्क्रीनकडे बघून म्हणाल्या, "अहो, हा मजकूर कसला, हा तर ठेका झाला!" त्यांच्याकडे पियानोच्या उजव्या-डाव्या हाताच्या ओळी एकात एक मिसळल्या की असंच होतं म्हणे.

मग मूळ पान काढलं. दोन रकान्यांचं! यंत्रानं डावीकडची ओळ वाचून थेट उजव्या रकान्यात उडी मारली होती. सुळक्यापाशी शेजारच्या शब्दांचं नातं तुटायचं आणि तितकेच शब्द सोडून पुढे पुन्हा जुळायचं.

रकाने वेगळे करून फाइल परत चालवली. सुळके गेले, फक्त शेवटच्या काही पानांवर ठरावीक अंतरानं खळगे दिसत राहिले. धक्का वाढत नव्हता, जवळपास शून्यावर येत होता. बाईंनी पान उघडायच्या आधीच ओळखलं: "पालुपद असणार." होतंच. ती पानं तशीच ठेवली.