अलंग-मदन-कुलंग : कातळटप्पे आणि त्यांच्या मधली वाट

अलंग-मदन-कुलंगला जाऊन आलो म्हटलं की समोरच्याचा पहिला प्रश्न कातळटप्प्यांचा असतो. मदनचा पॅच किती अवघड आहे? अलंगवरून रॅपलिंग करताना, म्हणजे दोरावरून कडा उतरताना, भीती वाटते का? प्रश्न रास्त आहे, या त्रिकुटाचा सगळा दरारा त्या टप्प्यांवरच उभा आहे. पण माझं मत आता ठाम झालंय. कातळटप्प्यावर कमरेला हार्नेस (दोर अडकवायचा पट्टा) असतो, कुणीतरी बिले देत असतं, म्हणजे पडलो तर थांबवायला दोर धरून असतं, आणि आपण स्वतः पूर्ण सावध असतो. जीव सांभाळायचा तो दोन टप्प्यांच्या मधल्या वाटेवर, जिथे सहसा कुणी सॅकमधून दोर बाहेर काढत नाही.

इगतपुरीच्या दक्षिणेला, कळसूबाईच्या रांगेत हे तीन किल्ले खांद्याला खांदा लावून उभे आहेत. पूर्वेला अलंग, मधे मदन, पश्चिमेला कुलंग. तिन्ही साडेचार हजार फुटांच्या वर, आणि माथ्याखाली चहूबाजूंनी ताशीव कडा. पूर्वी या कड्यांतून खोदीव पायऱ्यांनी वर जाता यायचं. 1818 मध्ये इंग्रजांनी मराठ्यांचे किल्ले निकामी करायला घेतले, तेव्हा अलंग आणि मदनच्या पायऱ्यांचे मोक्याचे भाग सुरुंग लावून उडवले. आज आपण ज्याला पॅच म्हणतो ती त्या सुरुंगांची जागा. वर आणि खाली पायऱ्या शाबूत, मधे सरळ कातळ.

आम्ही दोघंच जायचं ठरवलं होतं. मित्राने गिर्यारोहणाचे बेसिक आणि अॅडव्हान्स असे दोन्ही कोर्स केलेत आणि सह्याद्रीतल्या सुळक्यांवर तो लीड करतो, म्हणजे दोर घेऊन पहिला चढतो. मी बऱ्याच वर्षांपासून त्याचा सेकंड, खालून दोर सांभाळून मागून चढणारा. वाटाड्या म्हणून आंबेवाडीचे एक मामा सोबत घेतले. या रानात ढोरवाटांचं जाळं आहे, आणि कारवीत शिरल्यावर कडा दिसेनासा झाला की दिशा सांगणारं काही उरत नाही. शनिवार-रविवार मुद्दाम टाळला. सुट्टीच्या दिवशी मोठमोठे गट येतात, पॅचखाली रांग लागते, आणि वरच्या माणसाच्या पायाखालून सुटलेला दगड रांगेतल्यांवर येतो.

दिवस थंडीचे निवडले. तेव्हा टाक्यांत पाणी असतं आणि कातळ कोरडा असतो. मात्र वाळलेलं गवत तिरक्या उतारावर शेवाळाइतकंच घसरतं, हे या ऋतूत जाणाऱ्याने धरून चालावं.

सामानाची वाटणी निघायच्या आदल्या रात्री झाली. साठ मीटरचा दोर माझ्याकडे. कॅराबिनर (उघडझाप होणाऱ्या कड्या), क्विकड्रॉ (बोल्टला दोर अडकवायच्या जोडकड्या), स्लिंगा (पट्ट्यांचे फास) आणि डिसेंडर (दोरावरून उतरायचं साधन) असं चढाईचं बाकीचं सामान त्याच्याकडे. हेल्मेट तिघांना. तांदूळ-डाळ, गूळ-शेंगदाणे, चहा-साखर, छोटा स्टोव्ह, आणि माणशी चार लिटर पाण्याची भांडी. तंबू घेतला नाही, कारण तिन्ही गडांवर गुहा आहेत. सॅक भरून झाल्यावर मित्राने ती उचलून पाहिली, दोन वस्तू काढून बाजूला ठेवल्या आणि म्हणाला, "आडव्या ट्रॅव्हर्सला तोल जातो तो सॅकमुळे. जेवढी आटोपशीर तेवढं बरं."

कसारा लोकल, पुढे जीपने घोटीमार्गे आंबेवाडी. मामांच्या घरी चहा झाला आणि चढ सुरू. अलंगची या बाजूची वाट रानातून पदरावर (कड्याखालच्या सपाट पट्ट्यावर) येते, मग एक छोटा कातळटप्पा, की आपण वर. दुपार कलायच्या आत गुहेत पोचलो. अलंगचा माथा ऐसपैस आहे. ओळीने खोदलेली टाकी, वाड्याचे अवशेष, आणि पूर्वेला कळसूबाईचं शिखर अगदी समोर. संध्याकाळी खिचडी खाल्ली आणि लवकर आडवे झालो.

सकाळी मदनच्या बाजूने उतरायचं होतं. पायऱ्यांनी खाली येत गेलं की त्या एका जागी संपतात आणि पुढे साधारण 70 फुटांचा सरळ कडा. इथे मित्राच्या कामाची रीत सांगायलाच हवी, कारण ती मी दुसऱ्या कुणाकडे इतकी काटेकोर पाहिलेली नाही. आधी त्याने कातळात ठोकलेले बोल्ट हाताने तपासले, दोन वेगळ्या बोल्टांवर अँकर, म्हणजे दोराचा आधार, बांधला. दोर मधोमध दुमडून रिंगेतून ओवला, म्हणजे दोन्ही पदर तीस-तीस मीटरचे, सुमारे 98 फूट. खाली टेकून उरतील एवढे. तरीही दोन्ही टोकांना गाठी मारल्या. मग माझ्याकडे वळून हार्नेसचं बक्कल ओढून पाहिलं, कॅराबिनरचा स्क्रू फिरवून पाहिला, प्रुसिकवर (दोरावर आवळून धरणाऱ्या सुरक्षेच्या गाठीवर) माझं वजन टाकायला लावलं. त्यानंतर मी त्याची तपासणी करायची. त्याने इतक्या वर्षांत माझ्याकडून हे एकदाही चुकू दिलेलं नाही. मामा कडेला बसून हे सगळं बघत होते. शेवटी तेच उठले आणि म्हणाले, "माझंबी बघा आता."

मी आधी उतरलो. खाली पोचल्यावर एक पदर ओढून पाहिला, दोर मोकळा फिरतोय ना ते. वरून त्याने विचारलं, "येतोय का?" "येतोय!" हे वरचा माणूस वर असतानाच बघायचं असतं, सगळे खाली आल्यावर दोर अडकला तर तो सोडवायला पुन्हा कडा चढावा लागतो. मग मामा, शेवटी तो. दोर ओढून घेतला.

आणि आता ती मधली वाट. अलंगच्या कड्याला बिलगून आडवं जायचं, अलंग-मदनच्या खिंडीकडे. डाव्या हाताला दरी. वाट म्हणजे पाऊलभर रुंदीचा पट्टा, त्यावर घसारा, आणि कुठे कुठे वाळलेल्या गवताने त्याची कडही झाकलेली. चढाई म्हणाल तर काहीच नाही, चालत जायचं. म्हणूनच इथे माणूस बोलायला लागतो, मोबाइल काढतो, मागे वळून बघतो. सॅक कड्याला घासते आणि तिचा धक्का आपल्याला दरीकडे लोटतो.

एका वळणावर पट्टा बाहेरच्या बाजूला कललेला होता. मामा सहज पलीकडे गेले. मी पाय टाकणार तेवढ्यात मित्राने थांबवलं आणि दोर मागितला. मी म्हटलं, "अरे, दहा पावलं तर आहेत." तो म्हणाला, "दहा पावलांनाच दोर. शंभर असती तर दुसरी वाट शोधली असती." एका भक्कम खडकाला स्लिंग घालून दोर बांधला, दुसरं टोक पलीकडे मामांनी झाडाच्या बुंध्याला आवळलं. त्यात कॅराबिनर अडकवून मी गेलो. दहा-पंधरा मिनिटं गेली असतील. त्या दिवसात आम्ही असा दोर आणखीही लावला, आणि मला वाटतं, संपूर्ण मोहिमेत त्याच्या अनुभवाचा खरा उपयोग मदनच्या पॅचपेक्षा या जागांवर झाला.

खिंडीतून मदनच्या पायऱ्या लागतात. त्या पायऱ्यांवरचं दृष्टीभय मी विसरणार नाही. उजवीकडे हात लावायला कातळ, डावीकडे नजर सरळ रानात. पायऱ्या संपल्या की 40-50 फुटांचा पॅच. मी बिलेला बसलो. मित्र वर निघाला, पहिल्या बोल्टला क्विकड्रॉ लावला, दोर क्लिप केला. त्याच्या बुटांची टोकं खोबणीत टेकायची आणि तिथेच राहायची, पुन्हा चाचपणं नाही. मधे एक जागा अशी आहे की होल्ड, म्हणजे हाताने धरायची खोबण, डोक्याच्या वर, थोडा डावीकडे लपलेला. खालून दिसत नाही. तिथे तो थांबला, उजवा हात सोडून झटकला, मग डावीकडे झुकून वर गेला. माझ्या बोटांतून दोर हातभर सरकला. थोड्या वेळाने वरून हाक आली, "सेफ!"

मामा अनवाणी चढले, आणि इतके सहज की मला दोर आवरायलाही वेळ मिळाला नाही. मी शेवटी, क्विकड्रॉ काढत. तो लपलेला होल्ड हाताला लागला तेव्हा कळलं की चार बोटं नीट बसतील एवढा तो खोल आहे.

मदनचा माथा लहान, गुहाही लहान. टाक्यातलं पाणी पुढे उन्हाळ्यात भरवशाचं राहत नाही, म्हणून गावात चौकशी करूनच जावं. आम्ही तिथे फार रेंगाळलो नाही. कुलंग उजेडात गाठायचा होता. मदन उतरून त्याच्या पोटाखालून पुन्हा लांबलचक आडवी चाल. मामांनी इथे बोलणं बंद ठेवायला सांगितलं. वर कड्याला आग्या मोहोळाची पोळी होती. धूर नाही, अत्तर नाही, आरडाओरडा नाही. एकामागे एक गेलो.

कुलंगला दोर लागत नाही, पण चढ संपता संपत नाही. दिवसभराच्या वजनानंतर त्या पायऱ्या मांड्यांचा कस बघतात. गुहेत सॅक टाकली तेव्हा सूर्य टेकला होता.

कुलंगवर मला सगळ्यात आवडली ती पाण्याची व्यवस्था. गडाच्या टोकाकडे एक घळ आहे. तिच्यात पावसाचं पाणी उतरतं. ते वाया जाऊ नये म्हणून घळीच्या तोंडाशी दगडी भिंत घालून ते अडवलंय, टाकी खोदलीत आणि जादा पाणी जायला गोमुख ठेवलंय. इतक्या उंचीवर, चहूबाजूंनी कडा असलेल्या माथ्यावर कुणीतरी पावसाचा उतार नीट वाचून हे बांधलं. सकाळी मी आणि मित्र त्या भिंतीवर बराच वेळ बसलो. पूर्वेला मदन आणि अलंग एकामागे एक, दक्षिणेला रतनगड आणि त्याचा खुटा नावाचा सुळका स्वच्छ दिसत होता. आदल्या दिवशीची आमची वाट मदनच्या पोटावर बोटाने दाखवता येत होती. ज्या जागी दोर लावला ती जागा इतक्या लांबूनही बाहेर कललेली दिसते, हे त्याने मला दाखवलं.

उतरून आंबेवाडीत आलो. मामींनी नागलीची भाकरी आणि पिठलं वाढलं. जेवण झाल्यावर मित्राने अंगणात दोर मोकळा केला आणि एका टोकापासून हातातून सरकवत तपासायला बसला. एका टोकाकडे, दोन-अडीच मीटरवर, वरचं आवरण खरबरीत झालं होतं. कुठल्यातरी खडकाच्या धारेवर घासलं असणार. त्याने तिथे चिकटपट्टी गुंडाळली. घरी गेल्यावर तेवढा तुकडा कापून टाकायचा आणि नवी लांबी दोराच्या दोन्ही टोकांना लिहून ठेवायची, असं ठरवून आम्ही घोटीची जीप पकडली.