व्होल्नाचा धुरकटपणा गेला, आता शिफ्ट अडली

संध्यामठाचे दगड अखेर काळे आले. रंकाळ्याच्या काठावर, उतरतं ऊन समोरून, पाणी चमचमतंय आणि व्होल्ना-3 (मोठ्या फिल्मच्या, म्हणजे मीडियम फॉरमॅट कॅमेऱ्यासाठीची जुनी सोव्हिएत लेन्स, मी डिजिटल कॅमेऱ्याला लावतो) एफ/2.8 वर सताड उघडी. मागच्या नोंदीतला फोटो पाहिलेल्यांना आठवत असेल, त्यात हेच दगड राखाडी होते आणि सगळी फ्रेम पाणी घातलेल्या पांढऱ्या रश्श्यासारखी दिसत होती.

त्यावर बऱ्याच जणांचं म्हणणं पडलं की सोव्हिएत कोटिंग (काचेवरचा चकाकी रोखणारा थर), दुसरं काय होणार. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं. माझी व्होल्ना एमसी, म्हणजे अनेक थरांच्या कोटिंगची आहे, नंबर 88 ने सुरू होतो म्हणजे 1988 ची, आणि काच ठणठणीत आहे. (जुनं ग्रीस काढून नवं भरलंय, फोकस रिंग आता एका बोटानं फिरते. त्याबद्दल वेगळं लिहीन, एवढं सुख सध्या माझं मलाच.)

दोष काचेच्या मागे होता. ही लेन्स 56 बाय 56 च्या निगेटिव्हसाठी बनलेली, म्हणजे साधारण 79 मिमी व्यासाचं वर्तुळ उजळते. आपला फुल फ्रेम सेन्सर 36 बाय 24. हिशेब केला तर आत येणाऱ्या उजेडाचा पाचवा हिस्सासुद्धा सेन्सरवर पडत नाही. उरलेला अडॅप्टरच्या भिंतींवर आपटतो आणि तिथून उड्या मारत सेन्सरवर येतो. कीव्ह-60 या सोव्हिएत कॅमेऱ्यावर फिल्म वापरणारे मिरर बॉक्सला (लेन्समागच्या आरशाच्या खोक्याला) आतून मखमल का लावतात, ते इथे कळतं. आपल्याकडे तर अडॅप्टरही दोन: पी-सिक्स (व्होल्नाचा माउंट) ते ईओएस (कॅननचा), 30 मिमी जाड, त्यातच शिफ्टची सरक, म्हणजे लेन्स बाजूला सरकवायची सोय; आणि पुढे ईओएस ते सोनी ई, 26 मिमी. दोन्ही ऑनलाइन घेतलेले, बाहेरून देखणे. आतलं काळं अ‍ॅनोडायझिंग सरळ पाहिलं तर काळंच, तिरकं पाहिलं की लखलखतं. आणि उजेड तर तिरकाच येतो. विकणाऱ्याच्या पानावर मात्र ‘मॅट फिनिश’ लिहिलंय.

कुणाला स्वतःच्या जोडणीची परीक्षा घ्यायची असेल तर कॅमेरा काढा, सेन्सरच्या जागी डोळा न्या आणि लेन्सचं तोंड खिडकीच्या जरा बाजूला करा. गोल भोकाखेरीज जे जे चमकताना दिसेल ते सगळं फोटोत धुकं होऊन उतरणार. सूर्याकडे धरून हे करू नका, डोळा जाईल.

मग कोल्हापुरातलं आमचं उद्यमनगर गाठलं. माझे नेहमीचे लेथवाले मामा अडॅप्टर उलटासुलटा करत म्हणाले, “आतनं आटे पाडायचे म्हणताय, पण त्यात फिरवणार काय?”

“काहीच नाही मामा, उजेड अडकवायचाय.”

त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं, “करूया की,” म्हणाले आणि ईओएस-ई नळीत आतून इतके बारीक, धारदार आटे पाडून दिले की ती नळी कॅमेऱ्याला लावण्याआधी मी नुसती बघतच बसलो. तिरका उजेड एका आट्यावर आपटतो आणि पुढच्या आट्याच्या सावलीत जिरतो. वर शाळेच्या फळ्याचा मॅट काळा रंग, पातळ हात. व्होल्नाच्या मागच्या काचेभोवतीची चकचकीत रिंगही त्याच रंगात. ज्या गावात बाबुराव पेंटरांनी स्वतःचा सिनेमा कॅमेरा घडवला, तिथे एवढ्याशा नळीसाठी परदेशातून पार्सल मागवायला मला तरी लाज वाटते.

शिफ्टच्या सरकीत आटे पाडायला जागा नाही. तिथे गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, दागिन्यांच्या डब्या बनवणाऱ्याकडून मागून चिकट असलेली काळी मखमल आणली. महागड्या आयात फ्लॉकिंगपेक्षा (उजेड पिणाऱ्या मखमली अस्तरापेक्षा) कणभरही कमी नाही, किंमत चहापाण्याची. फक्त कापल्यावर कडा चिकटपट्टीनं झाडून घ्या, नाहीतर तंतू सेन्सरवर जातात.

एवढं करूनही थोडा राखाडीपणा उरलाच होता. तो घालवला मास्कनं, म्हणजे नळीत सेन्सरच्या 30 मिमी पुढे बसवलेल्या काळ्या कार्डाच्या चौकटीनं. माप असं काढलं: एक्झिट प्युपिल (लेन्समध्ये मागून दिसणारं उजेडाचं गोल भोक) सेन्सरपासून साधारण 80 मिमी धरला, एफ/2.8 ला त्याचा व्यास 28.5 च्या आसपास. चौकट 80 पैकी 30 मिमी वर, म्हणून खिडकीची लांबी 36 गुणिले 5/8 अधिक 28.5 गुणिले 3/8, म्हणजे 33.2. रुंदी त्याच रीतीनं 25.7. गंमत बघा, लांबीला सेन्सरपेक्षा कमी आणि रुंदीला जास्त. ही चौकट बसली आणि संध्यामठ काळा झाला.

आता रडगाणं. मला ही लेन्स मुळात शिफ्टसाठी हवी होती. कॅमेरा उभा धरून 12 मिमी डावीकडे, मध्ये, 12 मिमी उजवीकडे. तीन फ्रेम जोडल्या की 48 बाय 36, जवळपास मीडियम फॉरमॅटचा ऐवज. पण सरक टोकाला नेली की एका कडेला काळपट पट्टा! कारण सेन्सरच्या दृष्टीनं प्युपिल 12 मिमी बाजूला गेलेला असतो आणि चौकट जागची हलत नाही. चौकटीच्या जागी ते सरकणं 12 गुणिले 3/8, म्हणजे साडेचार मिमी होतं. दोन्ही बाजूंना तेवढी मोकळीक दिली तर 25.7 चे 34.7 होतात, खिडकी जवळजवळ चौरस. तशी कापून पाहिली. पट्टा गेला, पण दगड पुन्हा किंचित फिके.

इथपर्यंत लिहून दोन वेगळ्या चौकटी ठेवाव्यात असं ठरवत होतो. पण शिफ्ट करताना प्रत्येक वेळी कॅमेरा काढून चौकट बदलायची म्हणजे तिन्ही फ्रेम जुळायच्या राहिल्या. त्यापेक्षा घट्ट चौकटच सरकती केली तर? पितळी पट्टीत 25.7 ची खिडकी, नळीत खाच, आणि खाचेला तीन थांबे: मध्ये, साडेचार इकडे, साडेचार तिकडे. पट्टीचं टोक बाहेर येईल तिथून उजेड शिरू नये म्हणून तीच गुजरीची मखमल. मामांना खाच मिलिंगवर काढावी लागेल. ते पुन्हा एकदा माझ्याकडे बघतील, पण करतील.

पट्टी बदलती ठेवणार, कारण वेगा-28बी ही दुसरी सोव्हिएत लेन्स रांगेत आहे. 120 मिमी, तीही एफ/2.8, तिला व्होल्नाची खिडकी कोपऱ्यांत कापणार हे नक्की. प्युपिल 120 वर धरला तर 37.7 बाय 28.7 येतं, पण ते धरलेलं झालं. कुणी वेगाचा प्युपिल माउंटच्या तोंडापासून प्रत्यक्ष मोजला असेल तर आकडा कळवा, पितळ कापायच्या आधी.