गेरूच्या रंगाचा मदरबोर्ड

मदरबोर्ड रंगवताना प्रत्यक्ष रंग मारायला फार थोडा वेळ लागतो. बाकीचा सगळा वेळ रंग कुठे लागता कामा नये हे ठरवण्यात आणि त्या जागा नीट झाकण्यात जातो. हे काम कुणाला करायचं असेल तर माझ्या अनुभवातला हाच भाग त्याच्या सर्वांत उपयोगाचा आहे, म्हणून झाकाझाकीबद्दल मी जरा सविस्तर लिहिणार आहे.

बोर्ड इंटेलचा, निळा, एच६१ चिपसेटचा (चिपसेट म्हणजे बाकीचे भाग प्रोसेसरशी जोडणारी चिप). २०११ नंतरच्या काही वर्षांत इथे असेंबल केलेल्या कितीतरी पीसींमध्ये असे बोर्ड असायचे. पुढे २०१३च्या जानेवारीत इंटेलने डेस्कटॉप बोर्ड बंद करत असल्याचं जाहीर केलं. माझ्या बोर्डावर कोअर आय३-२१२० प्रोसेसर आणि डीडीआर३ रॅमच्या दोन पट्ट्या होत्या, आणि सगळं ठणठणीत चालत होतं. वॉरंटी कधीच संपलेली, त्यामुळे तो प्रश्न नव्हता. चालू वॉरंटीच्या बोर्डाला रंग लावला की ती गेलीच असं धरून चालायचं.

पांढरे बोर्ड आता बाजारात भरपूर मिळतात. आसुसने २०१४ साली सेबरटूथ झेड९७ मार्क एस पांढराच काढला होता. पण मला गेरू हवा होता. आमच्या आजोळी तुळशीवृंदावनाचा ओटा गेरूने सारवलेला असायचा आणि त्यावर पांढरी रांगोळी. तोच मेळ मला काचेच्या कॅबिनेटमध्ये बघायचा होता: गेरूचा बोर्ड आणि पांढऱ्या केबल. असा बोर्ड कुणी बनवत नाही, तेव्हा तो आपणच करायचा.

बोर्डावर थर चढवणं ही काही अघोरी गोष्ट नाही. गाड्यांच्या ईसीयूवर, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरवर, आणि बऱ्याच इन्व्हर्टर एसींच्या बोर्डांवर दमट हवेपासून वाचवायला अ‍ॅक्रिलिक, सिलिकोन किंवा पॉलियुरेथेनचा पातळ पारदर्शक थर दिलेला असतो. त्याला कन्फॉर्मल कोटिंग म्हणतात. फरक इतकाच, की तो थर विजेच्या दृष्टीने तपासलेला असतो आणि दुकानातल्या स्प्रेच्या डब्याची अशी तपासणी कुणी केलेली नसते. ती आपल्याला करावी लागते.

रंग घ्यायला पुण्याच्या बोहरी आळीत गेले. दुकानदाराने विचारलं, "ग्रिलला मारायचाय का ताई?" मी म्हटलं, "नाही काका, कॉम्प्युटरच्या बोर्डाला. ज्यात धातूची पूड नसेल असा द्या." त्यांनी दोन-तीन डबे काढून लेबलं वाचली, सिल्व्हर आणि क्रोम स्वतःहूनच बाजूला सारले आणि रेड ऑक्साइड प्रायमरचा स्प्रे पुढे केला. माझ्याही मनात तोच होता. रेड ऑक्साइड म्हणजे लोहाचा ऑक्साइड, गेरूला रंग देतो तोच पदार्थ, आणि तो अशा थरात वीज वाहून नेत नाही. त्याच शेल्फवर झिंकचा प्रायमरही होता. तो चुकूनही घेऊ नये. गंजापासून वाचवण्यासाठी त्यात जस्ताची इतकी पूड घातलेली असते की वाळलेला थर वाहक होतो.

घरी काचेच्या पट्टीवर रेड ऑक्साइडचे दोन हात दिले, पूर्ण वाळू दिले आणि मल्टिमीटरच्या पिना सेंटीमीटरभर अंतरावर टेकवल्या. मीटर मेगाओममध्येही उघडं सर्किटच दाखवत होता. तुलनेसाठी घरातल्या जुन्या सिल्व्हर रंगाची पट्टीही तपासली, तर तिथेही मीटर गप्प. मग सिल्व्हर का नको? कारण त्यातले अ‍ॅल्युमिनियमचे कण रेझिनमध्ये एकमेकांपासून सुटे असतात, म्हणून डीसी मीटरला वाट सापडत नाही. पण वेगाने बदलणाऱ्या सिग्नलसाठी ते छोट्या छोट्या कपॅसिटरच्या पट्ट्यांसारखे वागतात. मीटर काही दाखवत नाही एवढ्यावरून बोर्डाला मेटॅलिक रंग मारणं मला पटत नाही.

खरं तर साध्या रंगाचाही थोडा परिणाम होतोच. वरच्या थरातल्या तांब्याच्या रेषांवर काहीही चढवलं की त्यांचा इंपीडन्स, म्हणजे वेगवान सिग्नलला होणारा विरोध, किंचित उतरतो. माझ्या बोर्डावर ग्राफिक कार्डाला जोडणारी पीसीआय एक्सप्रेस २.० होती, म्हणजे एका लेनला (सिग्नलच्या एका वाटेला) सेकंदाला ५ गिगाट्रान्सफर. तिथे एवढा फरक सहज पचतो. पीसीआय एक्सप्रेस ५.० मध्ये हाच आकडा ३२ आहे. तसल्या किंवा डीडीआर५ च्या बोर्डाला मी रंग लावणार नाही. तिथे हौस हीटसिंकच्या, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागांच्या, झाकणांवर भागवावी.

भंगारवाल्याकडून एक मेलेला बोर्ड आणला आणि आधी सगळा प्रयोग त्याच्यावर केला. रंगातल्या सॉल्व्हंटने स्लॉटचं प्लॅस्टिक मऊ पडतं का, रंग कुठे साचतो, टेप काढताना काय काय सोबत निघून येतं, हे त्यावरच कळलं. प्लॅस्टिकला काही झालं नाही. स्टिकरवरची शाई मात्र पसरली, म्हणून खऱ्या बोर्डावरचं सीरियल नंबरचं लेबल झाकायच्या यादीत गेलं.

आता झाकाझाकी. प्रोसेसर, रॅम, सीआर२०३२ सेल आणि चिपसेटचा हीटसिंक काढला. प्रत्येक कोपऱ्याचे फोटो घेतले. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश घेऊन बोर्ड दोनदा धुतला. बोटांचं तेल राहिलं तर रंगाचे पोपडे तिथूनच सुटायला लागतात.

प्रोसेसर बसतो त्या एलजीए ११५५ सॉकेटमध्ये पिना बोर्डावरच असतात आणि त्या केसासारख्या वाकतात. त्यावर मूळ प्लॅस्टिकचं झाकण बसवलं आणि कडेने टेप लावला. झाकण नसेल तर या कामाला हातच घालू नये असं माझं स्पष्ट मत आहे. रॅमचे आणि पीसीआयचे स्लॉट पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापून आतून बुजवले आणि वरून टेप. पिनांच्या हेडरसाठी मला जी युक्ती सापडली तिचा मला फार आनंद झाला: मेलेल्या एसएमपीएसचे (पीसीला वीज पुरवणारा डबा) २४ पिनी आणि ४ पिनी कनेक्टर, बिघडलेल्या फॅनची टोकं, जुन्या कॅबिनेटच्या पॉवर स्विचच्या वायरींची टोकं. वायर कापून हे सगळे कनेक्टर त्या त्या जागी खोचले आणि मागची भोकं टेपने बंद केली. प्रत्येक पिनेला तिच्या मापाचं बूच मिळालं. टेपने इतकं घट्ट झाकणं जमलंच नसतं.

स्क्रूच्या भोकांभोवतीची चकचकीत कडी झाकायला विसरता कामा नये. तिथूनच बोर्ड कॅबिनेटला अर्थ होतो. त्यावर स्टेशनरीतले गोल स्टिकर लावले. चिपसेटचा डाय, म्हणजे चिपचा उघडा गाभा, आणि मागचे सगळे पोर्ट झाकले. प्रोसेसरच्या शेजारचे मॉसफेटही, म्हणजे त्याला वीज पुरवणारे आणि तापणारे छोटे भागही, झाकले, कारण या स्वस्त बोर्डावर त्यांना हीटसिंकच नाही. ते उष्णता स्वतःच्या अंगातून आणि बोर्डाच्या तांब्यातून बाहेर टाकतात. ज्या कपॅसिटरच्या डोक्यावर फुलीसारखी खाच असते, त्यांची डोकीही मोकळी ठेवायची. आतला दाब वाढला तर ती खाच उघडावी म्हणूनच ठेवलेली असते.

श्रावणात सगळं सामान तयार होतं, पण रंग मारला तो दिवाळीनंतर. सॉल्व्हंट उडताना पृष्ठभाग थंड करतो. हवा दमट असली की त्यावर बाष्प धरतं, आणि रंगावर, त्यातही क्लिअर लॅकरवर, पांढुरकी साय येते. पुण्याच्या पावसाळ्यात हे होणारच. एक साधा आर्द्रतामापक आणला आणि गच्चीवर आकडा ५० टक्क्यांच्या खाली स्थिरावेपर्यंत थांबले.

दव वाळलं की साधारण अकराच्या पुढे काम सुरू करायचं. सोसायटीतल्या सगळ्यांना सांगून वाळत घातलेले कपडे आत घ्यायला लावले. स्प्रेच्या डब्यात बहुतेक एलपीजीच दाब देतो, म्हणून जवळपास ज्योत किंवा ठिणगी नको. साधा एन९५ मास्क फक्त कण अडवतो, वाफा नाही. सेंद्रिय वाफांचे कार्ट्रिज असलेला मास्क घ्यावा, आणि इथे काटकसर करू नये.

बोर्ड फिरत्या स्टुलावर आडवा ठेवला. उभा ठेवला असता तर ओघळ स्लॉटखाली जाऊन साचले असते. कपॅसिटर आणि स्लॉट यांच्या आडोशाला रंग पोचत नाही, म्हणून २५ सेंटीमीटरवरून तिरपा फवारा, मग स्टूल पाव वळसा, पुन्हा फवारा. फवारा बोर्डाच्या बाहेर सुरू करायचा आणि बाहेरच संपवायचा. पहिला हात इतका हलका, की निळा रंग पूर्ण दिसत राहावा. मध्ये पंधरा मिनिटं. तिसऱ्या हातानंतर निळा गेला आणि गेरू दिसायला लागला, तेव्हा मी मास्कच्या आत मोठ्याने हसले. शेवटी मॅट क्लिअर लॅकरचा एक हात दिला, कारण प्रायमर सच्छिद्र असतो आणि त्यात धूळ मुरते.

रंग हाताला लागेनासा झाला, पण पुरता कडक व्हायच्या आत टेप काढायला घेतले. टेप स्वतःवरच दुमडत हळूहळू ओढायचा. जिथे कड चिकटली तिथे बोर्डावर ब्लेड चालवायचं नाही, खाली रेषा असतात. लाकडी टूथपिक पुरते. मग बोर्ड आठवड्याहून जास्त तसाच ठेवला. आयसींच्या खाली अडकलेला सॉल्व्हंट सावकाश निघतो. नाक जवळ नेलं तरी वास येईना, तेव्हाच पुढची तयारी केली.

रंग द्यायच्या आधी मी १२ व्होल्ट आणि ग्राउंडमधला रेझिस्टन्स, तसंच पूर्ण लोडवर मॉसफेटचं तापमान लिहून ठेवलं होतं. तापमान इन्फ्रारेड गनने न घेता मीटरच्या के टाइप थर्मोकपलने, म्हणजे भागाला टेकवायच्या तारेने, घेतलं. मॉसफेट झाकलेले असले तरी गनच्या टप्प्यात भोवतालचा बोर्डही येतो, आणि ती उघड्या चकचकीत धातूवर कमी आकडा दाखवते आणि मॅट रंगावर बऱ्यापैकी खरा, त्यामुळे आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांची तुलनाच फसवी होते. नंतर बोर्ड पुठ्ठ्यावर ठेवून तेच आकडे पुन्हा घेतले. रेझिस्टन्स तोच आला. बोर्ड पहिल्या दाबाला सुरू झाला, रॅम तपासणारा मेमटेस्ट प्रोग्राम रात्रभर एकही चूक न दाखवता चालला, ग्राफिक कार्ड पूर्ण १६ लेनवर दिसलं आणि मॉसफेटच्या तापमानात खोलीच्या तापमानापलीकडे फरक सापडला नाही.

बाकीचे भाग त्या मानाने सोपे. रॅमच्या पट्ट्यांना हात लावला नाही, फक्त त्यांची अ‍ॅल्युमिनियमची कव्हरं उतरवून पांढरी केली. कूलरच्या पात्यांना रंग नको, त्यांचा तोल बिघडतो. हीटसिंकच्या पापुद्र्यांनाही नको, रंग उष्णता फारशी वाहत नाही आणि फटीही अरुंद होतात. हार्ड डिस्कवर श्वासाचं छोटं भोक असतं, ते बुजलं तर डिस्क धोक्यात येते. मी डिस्क तशीच ठेवली. एसएमपीएस उघडायचा नाही. आपल्या २३० व्होल्टवर त्यातल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये सव्वातीनशे ते चारशे व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ टिकतात. त्याची जाळी, स्विच आणि सॉकेट झाकून बाहेरच्या डब्यालाच रंग दिला.

एक गोष्ट पुढच्या देखभालीची. अ‍ॅक्रिलिक रंग आयसोप्रोपिल अल्कोहोलने मऊ पडतो, म्हणून असा बोर्ड आता ब्लोअर आणि कोरड्या ब्रशनेच साफ करायचा. थर्मल पेस्ट बदलताना प्रोसेसर आधी बाहेर काढायचा आणि अल्कोहोल लावलेला कपडा बोर्डापासून लांब ठेवूनच तो पुसायचा.