ओकिनावा: दुपारचं ताट, संध्याकाळचा पेला

ओकिनावा या जपानच्या दक्षिणेकडच्या बेटांवर सुशी आणि रामेन मिळतं, पण ते खायला एवढ्या दक्षिणेला यायची गरज नाही. 1879 पर्यंत इथे र्‍यूक्यू राज्य होतं आणि 1945 ते 1972 अमेरिकेचा अंमल. त्यामुळे इथल्या ताटात कारलं, डुक्कर आणि समुद्री शेवाळ असतं, आणि शेजारी स्पॅम, म्हणजे डबाबंद डुकराचं मांसही.

जेवणाचा बेत ठरवण्याआधी गाडीचा ठरवा. नाहा या मुख्य शहराबाहेर बहुतेक ठिकाणी भाड्याची गाडी लागते, आणि जपानमध्ये चालकाने एक बिअर घेतली तरी प्रकरण गंभीर होतं. शेजारी बसणारा आणि दारू वाढणारा, दोघांवरही कारवाई होऊ शकते. म्हणून माझा आग्रह असा: दुपारी गाडीने लांबच्या खानावळी गाठा, आणि प्यायच्या संध्याकाळी नाहात मोनोरेलच्या स्टेशनाजवळ मुक्काम ठेवा. अडकलातच तर ‘दाइको’ बोलवा. दोघं जण येतात, एक जण तुमची गाडी चालवून घरी पोचवतो, दुसरा मागून आपली गाडी आणतो.

दुपारी पहिला मान ओकिनावा सोबाचा. नावात सोबा असलं तरी यात कुट्टूचं पीठ अजिबात नसतं, नूडल्स गव्हाच्या. याच कारणावरून नावाला हरकत घेतली गेली होती, आणि 17 ऑक्टोबर 1978 ला ते वापरायची परवानगी मिळाली. सूप डुकराची हाडं आणि सुकवलेल्या कात्सुओ माशाचं. वर पोटाकडचे थर असलेले तुकडे हवे असतील तर ‘सानमाइनिकु’ म्हणा, बरगड्या हव्या असतील तर ‘सोकी’. मऊ हाडाची बरगडी चावून खाता येते, कडक हाडाची बाजूला काढावी लागते. चांगली दुकानं अकराच्या सुमाराला उघडतात आणि सूप संपलं की बंद होतात, मग दोन वाजले असोत की तीन. त्यामुळे ‘उशिरा जेवू’ हा आपला हिशेब इथे चुकतो. टेबलावरच्या बाटलीत आवामोरी या इथल्या दारूत मुरवलेल्या बारीक मिरच्या असतात. हे ‘कोरेगूस’. आपल्याला तिखट चालतं म्हणून बाटली उलटी करू नका: सूप दारूच्या वासाने बिघडतं, आणि गाडी चालवायची असेल तर त्याला हातच लावू नये.

दुसरी जागा ‘शोकुदो’, म्हणजे साधी खानावळ. बऱ्याच ठिकाणी दाराशी यंत्र असतं. आधी नोट घालायची, मग बटण दाबायचं, चिठ्ठी निघाली की ती काउंटरवर द्यायची. काही जुनी यंत्रं फक्त हजार येनची नोट घेतात, तेव्हा सुट्ट्या नोटा जवळ ठेवा. मेनूत दोन चकवे आहेत. ‘मिसोशिरू’ मागवलं तर वाटीभर सूप न येता मोठा वाडगा येतो, भाज्या, तोफू, डुक्कर आणि अंडं घातलेला, सोबत भात. आणि ‘चाम्पोन’ म्हणजे इथे नूडल्स नव्हेत, तर भातावर परतलेल्या भाज्या आणि अंडं. दोन्ही एकत्र मागवले तर एकट्याने संपत नाहीत.

गोया चाम्पुरू मात्र मागवाच. कारल्याच्या कापा, घट्ट तोफू, अंडं आणि डुक्कर किंवा स्पॅम. कारलं आपल्यासारखं खरपूस करत नाहीत, कुरकुरीतपणा राहील इतपतच परततात, आणि कडूपणा लपवायचा प्रयत्नही नसतो. कारलं आवडणाऱ्यांनाच हे सांगतोय.

शाकाहारींना सरळ सांगतो, इथे कठीण आहे. तोफूच्या पदार्थात मांस असतं, मांस काढायला सांगितलं तरी कात्सुओचं पाणी आधीच पडलेलं असतं. मोझुकु हे शेवाळ ज्या व्हिनेगरमध्ये येतं त्यातही ते बहुधा असतं. ‘डुकराचं मांस नको, मासा नको, माशाचं सूपही नको’ हे जपानीत फोनवर लिहून ठेवा आणि बसण्यापूर्वीच दाखवा. त्यातल्या त्यात आधार म्हणजे जिमामी-दोफू: सोयाबीन नव्हे, कच्चे शेंगदाणे वाटून, गाळून, रताळ्याच्या स्टार्चबरोबर घोटून केलेला लवचीक गोळा. वरचा सॉस वेगळा मागा. शेंगदाण्याची अॅलर्जी असलेल्यांनी ‘तोफू’ या शब्दावर विसंबू नये. साता-आंदागी, म्हणजे तळलेले गोड गोळे, यांत अंडं असतं. सुपरमार्केटमधून ताजा शिमा-दोफू (इथला घट्ट तोफू), भात आणि फळं घेणं हा सगळ्यात खात्रीचा मार्ग.

मासे खाणाऱ्यांसाठी नाहाचं माकिशी सार्वजनिक मार्केट. जुनी इमारत पाडून नवी मार्च 2023 मध्ये उघडली. खाली मासे निवडायचे, वरच्या मजल्यावर शिजवून घ्यायचे, त्याला ‘मोचिआगे’ म्हणतात. माशाचे पैसे वेगळे, शिजवणावळ माणशी वेगळी. गोंधळ नेमका इथेच होतो: माशाचा भाव तुकड्याचा आहे की वजनाचा, आणि वर किती पदार्थ करून देणार, हे खालीच विचारा. निळाशार इराबुचा दिसायला भारी, पण कच्चा खाताना मिळमिळीत वाटतो. गुरुकुन तळूनच घ्या, काटे आणि पंखांसकट कुरकुरीत होतो. डिसेंबर सोडून महिन्याच्या चौथ्या रविवारी मार्केट बंद असतं.

उमिबुदो, म्हणजे समुद्री द्राक्षं, सॉसमध्ये बुडवून ठेवू नका, घासापुरती टेकवा. नाहीतर मणी सुकतात. पाकीट घेतलंत तर फ्रिजमध्येही ठेवायचं नाही, थंडीने ती आकसतात.

आता पेला. आवामोरी लांब दाण्याच्या थाई तांदळापासून, काळ्या कोजी बुरशीने आंबवून, एकदाच गाळतात. साधारण 30 टक्के अल्कोहोल. तीन वर्षं मुरली की ‘कुसू’. पहिल्यांदा पिताना ‘मिझुवारी’ मागा, बर्फ आणि पाणी घालून. चार भाग दारूला सहा भाग पाणी हे माझ्या मते बरोबर बसतं. कुसू मात्र पाण्यात बुडवणं हा अपमान, ती लहान पेल्यात घोट घोट. सोबत तोफुयो येतो, लाल कोजी आणि आवामोरीत मुरवलेला तोफू. तो टूथपिकच्या टोकाने कणाकणाने खायचा. अख्खा तुकडा तोंडात टाकला तर पुढचा अर्धा तास दुसरी चव लागत नाही. योनागुनी बेटाची ‘हानाझाके’ 60 टक्क्यांची असते, तिच्याशी पैज लावू नये.

इझाकायात, म्हणजे जपानी दारूच्या खानावळीत, बसताच न मागता एक छोटी वाटी येते. तिचे 300-500 येन बिलात लागतात, भांडण करू नका, ते बसण्याचे पैसे आहेत. टिप द्यायची नसते. खर्च आटोक्यात ठेवायचा तर ‘सेनबेरो’ लिहिलेली दुकानं शोधा: साधारण 1000 येनमध्ये दोन-तीन पेले आणि एक चखणा. आसातो स्टेशनजवळचं साकाएमाची मार्केट अंधार पडल्यावर याच कामाला लागतं.

ईशिगाकी बेटावर हिशेब वेगळा. संध्याकाळी आयत्या वेळी टेबल मिळत नाही, मुक्कामाच्या हॉटेलकडून आधीच फोन करवून घ्या. तिथला याएयामा सोबा गोलसर, बारीक नूडल्सचा, वर भुरभुरायची ‘पिपाची’ म्हणजे आपल्या पिंपळीची जवळची नातलग. शेजारच्या ताकेतोमी बेटावर दिवसा जा, पण रात्री तिथे राहणार असाल तर जेवणासकट खोली घ्या. संध्याकाळी उघडी राहणारी दुकानं मोजकी.

परतताना 2 लिटर दारू भारतात करमुक्त आणता येते. बाटल्या चेक-इन सामानात ठेवा. कच्चं जांभळं रताळं मात्र ओकिनावाबाहेर टोकियोलाही नेता येत नाही, कारण त्यातल्या किडीमुळे बंदी आहे. त्याचा टार्ट खुशाल न्या.