माझाही दंडवत सांगा

आषाढी वारीला निघालं की आमच्या सासवडच्या आळीत दारादारांतून एकच वाक्य ऐकू येतं, "माझाही दंडवत सांगा हो पांडुरंगाला." गुडघे गेलेली शेजारीण सांगते, दुकान सोडता न येणारा वाणी सांगतो, नुकतीच बाळंत झालेली कोणाची तरी सून खिडकीतून सांगते. सात वाऱ्या झाल्या माझ्या. असे किती दंडवत नेले याचा हिशेब नाही, आणि खरं सांगायचं तर सगळे लक्षातही राहिले नाहीत. कळस दिसला की "सगळ्यांचा रे बाबा" म्हणून एकदाच हात जोडायचे.

फ्रान्समध्ये ल प्वी नावाच्या गावी मात्र हाच दंडवत मला कागदावर लिहिलेला मिळाला.

लेक नोकरीनिमित्त ल्योंला असते. तिनेच टूम काढली, "आई, तू वारी करतेस ना, मग इथली वारी पण बघ." इथली वारी म्हणजे स्पेनमधल्या सँटियागोला संत याकोबाच्या समाधीपर्यंत चालत जायचं. ल प्वीहून ते सुमारे दीड हजार किलोमीटर. आमची झेप दहा दिवसांची, काँक गावापर्यंतची, दोनशे किलोमीटरच्या थोडी वर. आळंदी ते पंढरपूर अडीचशेच्या आसपास, त्यामुळे आकड्याने मी घाबरले नाही. घाबरायला हवं होतं ते पाठीवरच्या ओझ्याला. दिंडीत आपल्या बोचक्याला ट्रक असतो, आपण टाळ आणि पाण्याची बाटली घेऊन मोकळे. इथेही पैसे दिले की पिशव्या पुढच्या मुक्कामी नेणाऱ्या गाड्या आहेत, पण लेकीने ठाम नकार दिला. दुसऱ्याच दिवशी मी डब्यातले लाडू वाटून टाकले आणि जादा साडी पोस्टाने ल्योंला पाठवली.

ल प्वी हे ज्वालामुखीच्या सुळक्यांवर बसलेलं गाव. एका सुळक्यावर मेरीमातेचा अवाढव्य लाल पुतळा आहे, तो क्रिमियन युद्धात सेव्हास्तोपोलला जिंकलेल्या 213 तोफा वितळवून 1860 साली ओतलेला. दुसऱ्यावर संत मिशेलचं दहाव्या शतकातलं छोटंसं देऊळ. तिथल्या 268 पायऱ्या आदल्या संध्याकाळी चढून आलो आणि जेजुरीची आठवण आली, फक्त भंडारा नव्हता. याच गावचा बिशप गोदेस्काल्क 950 साली इथून सँटियागोला निघाला. फ्रान्समधून गेलेल्या यात्रेकरूंत ज्यांची नावं माहीत आहेत, त्यांत हा अगदी पहिल्यांतला.

कॅथेड्रलमध्ये सकाळी सातला प्रार्थना होते, मग वाटसरूंना आशीर्वाद. पाद्रीबाबा एकेकाला विचारत होते, कुठून आलात? बेल्जियम, कॅनडातलं क्वेबेक, जर्मनी, ब्रिटनी. लेक म्हणाली, "अँद." म्हणजे भारत. माना वळल्या. मग एक टोपली पुढे आली. ज्यांना चालता येत नाही, त्यांनी आपलं मागणं लिहून त्यात टाकलेलं असतं. निघणाऱ्याने एक चिठ्ठी उचलायची आणि वाटेत त्या माणसासाठी प्रार्थना करायची. माझ्या हाताला आली ती वहीच्या चौकटीच्या कागदाची, चार घड्या घातलेली. नाव नव्हतं. लेकीने वाचून दाखवली: माझ्या धाकट्या भावाने फोन उचलावा.

बस, एवढंच. मी ती पोथीत ठेवली, हरिपाठाच्या पानात.

या चर्चबद्दल तिथले लोक म्हणतात की इथे बेंबीतून शिरायचं आणि कानांतून बाहेर पडायचं, कारण जिना थेट देवळाच्या पोटात उघडतो. आशीर्वाद झाल्यावर जमिनीतलीच एक जाळी उघडली आणि आम्ही त्या जिन्याने खाली उतरलो. समोर कमानीच्या चौकटीत गावातला उताराचा रस्ता सरळ दिसत होता. पाठीमागून कोणी "पुंडलिक वरदे" म्हणालं नाही. बुटांचा आवाज तेवढा.

या शांततेची सवय व्हायला मला चार दिवस लागले. वारीत आपण चालत नाहीच मुळी, आपल्याला चालवलं जातं. पखवाजाचा ठेका असतो, पुढच्या बाईच्या डोक्यावरची तुळस असते, मागून रेटा असतो. पाय दुखतायत हे मुक्कामाला पोचल्यावर कळतं. इथे ते पहिल्या चढालाच कळतं. झाडावर, कुंपणाच्या खांबावर, दगडावर पांढऱ्या-लाल रंगाचे दोन पट्टे ओढलेले असतात, तेच आपले विणेकरी. पट्टा दिसेनासा झाला की वाट चुकली. समोरून कोणी आलं तर म्हणतं, "बों शमँ", म्हणजे वाट चांगली लाभो. आपल्याकडच्या "माऊली"ची सर त्याला नाही, पण माऊली म्हणताना आपण समोरच्याच्या पाया पडतो, इथे नुसती मान डोलावतात. मी दोन-तीनदा सवयीने वाकले आणि लोक दचकून मागे सरले.

रोशगूदला एका कड्यावर पडक्या गढीचा बुरूज आणि त्याला चिकटलेलं जेमतेम खोलीएवढं देऊळ आहे. खाली आलिए नदीची दरी. तिथून मोनिस्त्रोलचा उतार इतका उभा की दिवे घाट गुळगुळीत वाटावा. मग सोग. हा जेव्होदाँचा मुलूख. 1764 ते 1767 या काळात इथे एका श्वापदाने कित्येक बायका-मुलं मारली. राजाने शिकारी पाठवले, तरी ते थांबेना, शेवटी जाँ शास्तेल नावाच्या गाववाल्याने एक जनावर मारलं आणि बळी थांबले. लांडगा होता की आणखी काही, यावर जेवणाच्या टेबलावर अजून भांडणं होतात. मला त्यात आपल्या जुन्नरच्या बिबट्याच्या गप्पा ऐकल्यासारखं वाटलं.

जेवणाचं सांगायलाच हवं, कारण मी माळकरी आणि हा सगळा डुकराच्या मांसाचा प्रदेश. ल प्वीची हिरवी बारीक मसूर प्रसिद्ध आहे. आमटीसारखी दिसली म्हणून मी खूश झाले, तर तिच्यात मांसाचे तुकडे. मुक्कामाच्या जागेला जित म्हणतात, तिथे संध्याकाळी सगळ्यांना एकाच पंगतीत वाढतात. लेक आधी फोन करून सांगायची, "मांस नाही, मासेही नाहीत." पलीकडून एक क्षण शांतता, मग, "मग हॅम चालेल?"

नास्बिनालला मात्र पोट भरलं. तिथे आलिगो करतात. उकडलेला बटाटा घोटून त्यात ताजं, न मुरलेलं चीज, लोणी आणि लसूण घालतात. हे घोटणं बघण्यासारखं असतं. बाई मोठ्या पातेल्याशी दोन्ही हातांनी लाकडी उलथनं धरून उभी होती. ते खालून वर ओढलं की दोरी निघायची, खांद्याच्या वर जाईल एवढी, आणि तुटायची नाही. तुटली तर आलिगो झाला नाही. पुरणाला चमचा उभा राहिला पाहिजे, तसलीच ही खूण. तिच्या कपाळावर घाम, दंडाचे स्नायू टरारलेले. माझ्या ताटात वाढताना तिने सॉसेजचं भांडं बाजूला केलं आणि आलिगो दुप्पट घातला. जेवून मी तिला नमस्कार केला, ती काही मागे सरली नाही. तिनेही हात जोडले, हातातल्या उलथन्यासकट.

हा आलिगो पूर्वी यात्रेकरूंसाठीच करायचे म्हणतात, पाव आणि चीज घोटून. नंतर बटाटा आला.

ओब्राकचं पठार म्हणजे आपलं कास आणि मसाईचं पठार एकत्र करून दहापट ताणावं तसं. झाड नाही, दगडी बांध, पिवळ्या-तांबूस गाई, डोळ्यांभोवती काजळ घातल्यासारख्या. बांधाला जागोजाग झुलती फाटकं, उघडायची आणि मागे न विसरता लावायची. जूनचा पहिला आठवडा असून सकाळी धुकं इतकं उतरलं की लेकीची पाठ दिसेना. पट्टे कसले दिसतात! पाऊण तास आम्ही बांधाला हात लावून चाललो. अशा वेळी पंचवीस हजार माणसं आणि एक तुतारी असती तर, असं वाटून गेलं.

ओब्राक गावात पोचल्यावर समजलं की हे वाटणं इथल्या लोकांना नऊशे वर्षांपूर्वीच कळलेलं आहे. फ्लँडर्सचा आदालार नावाचा एक सरदार यात्रेला जाताना याच पठारावर जीव जाता जाता वाचला, म्हणून त्याने 1120च्या सुमारास इथे धर्मशाळा बांधली, अशी कथा. आता तिच्यातलं चर्च आणि एक बुरूज उरलाय. तिच्या घंटेचं नाव "हरवलेल्यांची घंटा". धुकं असो की बर्फ, ती वाजवत राहायचे, आणि वाट चुकलेला आवाजाच्या रोखाने यायचा. तिच्यावर लॅटिनमध्ये कामं कोरलेली होती, देवाचा जयजयकार कर, भुतं पळवून लाव, आणि शेवटचं, भटकलेल्यांना परत बोलाव. मला त्या फोन न उचलणाऱ्या भावाची आठवण झाली. त्या दिवशी पहिल्यांदा मी चिठ्ठीसाठी मनापासून काही म्हटलं. तोवर नुसती पोथीत होती.

एका मुक्कामावर फजिती झाली. गावाचं नाव घेत नाही. आमच्या नावाच्या खाटा दुसऱ्याच कोणाला दिल्या होत्या. भिजून चिंब, पायाला दोन फोड, आणि समोरचा माणूस खांदे उडवतोय. माझ्याबरोबर चालणारी क्वेबेकची एक निवृत्त नर्स होती, वयाने माझ्याएवढीच, मागेपुढे रोज भेटायची. तिने त्याला जे काही सुनावलं ते लेकीने भाषांतर करायला नकार दिला. शेवटी गावच्या सभागृहात जमिनीवर गाद्या मिळाल्या. दिंडीच्या तंबूत झोपलेल्या बाईला त्यात काय विशेष? उलट बरीच वर्षं झाली इतकी गाढ झोप लागून. आणखी एक, जितमध्ये शिरताना बूट आणि सॅक दाराबाहेर ठेवायला लावतात. मला वाटलं सोवळं. ते ढेकूण आत येऊ नयेत म्हणून होतं.

पठार संपून लोत नदीच्या खोऱ्यात उतरलो की वेगळाच देश. सँ-कोमच्या चर्चचा कळस पिळलेल्या कपड्यासारखा वळलेला. एस्पालियोंचा लालसर दगडी पूल, काठाला कातडी कमावणाऱ्यांची जुनी घरं, वर डोंगरावर काल्मोंची गढी. एस्तँचा किल्ला गावाच्या डोक्यावर बसलाय, घरं त्याच्या पायाशी पिलांसारखी. फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष होते ना व्हालेरी जिस्कार देस्तँ, त्यांच्या घराण्याने हे आडनाव 1922 साली रीतसर अर्ज करून मागून घेतलं आणि किल्ला विकत घेतला 2005मध्ये. आधी आडनाव, मग वाडा. आपल्याकडे उलटं घडतं.

आणि काँक. दरीच्या कुशीत, शेवटच्या वळणापर्यंत दिसत नाही. पंढरीचा कळस जसा लांबून दिसून पाय पळायला लागतात, तसं काही नाही. एकदम आपण आतच असतो.

इथली देवता सँत फ्वा, बारा वर्षांची हुतात्मा मुलगी. तिच्या अस्थी मुळात आजाँ शहरात होत्या. काँकच्या मठात यात्रेकरू येईनात, म्हणून इथला एक साधू आजाँला जाऊन राहिला, दहा वर्षं विश्वास कमावला आणि अस्थी चोरून घेऊन आला. साल 866. भानुदासांनी विजयनगरहून पांडुरंग परत आणल्याची कथा सांगून मी लेकीला म्हटलं, "आपल्याकडेही आहे की." ती म्हणाली, "आई, भानुदासांनी आपला होता तो परत आणला. याने दुसऱ्यांचा पळवला." खरं आहे. पण गंमत अशी की इथे कोणी ते लपवत नाही. सोन्याने मढवलेली तिची मूर्ती, अंगभर रत्नं, डोळे थेट आपल्यावर रोखलेले, आणि खाली चोरीची कथा कौतुकाने सांगायची.

चर्चच्या दारावर शेवटच्या न्यायाचं शिल्प आहे, 124 आकृत्यांचं. रात्री एक पाद्रीबाबा दारात उभे राहून हसत-खेळत ते समजावतात. मधोमध येशू, त्याच्या उजवीकडे स्वर्ग, सगळे रांगेत, शिस्तीत, थोडे कंटाळलेले. डावीकडे नरक, तिथे खरी मजा. कंजूष गळ्यात पैशाच्या थैलीसकट फासावर. घमेंडखोर शिपाई घोड्यावरून डोक्यावर आपटतोय. आणि एका चोरट्या शिकाऱ्याला ससा भाजतोय! तराजूत पापपुण्य तोलताना सैतान हळूच बोटाने आपलं पारडं दाबतो. बाजारात ज्याने भाजी घेतलीय त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. कमानीच्या काठाला काही छोटी डोकी पट्टीआडून डोकावतात, नुसती बघायला आलेली. मला सगळ्यांत तीच आवडली. आतल्या खिडक्या चित्रकार पिएर सूलाजच्या, 104, रंग नाही, नुसता दुधाळ उजेड. विठ्ठलाच्या गाभाऱ्यातल्या अंधाराची सवय असलेल्या डोळ्यांना तो उजेड फार परका वाटला. चांगलाच होता, पण परका.

उरली चिठ्ठी. ती सँटियागोला जायची, आणि मी इथेच थांबणार. आजवर कधी दंडवत अर्ध्यात ठेवला नाही. सकाळी क्वेबेकवाली निघाली, ती दोन महिने पुढे चालणार होती. दिंडीत वीणा जमिनीवर ठेवत नाहीत. ज्याच्या हातात द्यायचा त्याच्या गळ्यात घालायचा आणि दोघांनी एकमेकांच्या पाया पडायचं. मी चिठ्ठी तिच्या हातात दिली आणि वाकले. तिला काय कळलं कोण जाणे, पण सॅक पाठीवर तशीच ठेवून तीही वाकली, आणि सॅकच्या वजनाने जवळजवळ माझ्या अंगावरच आली. दोघी हसलो. तिने चिठ्ठी टोपीच्या पट्ट्यात खोचली.

काँकहून पुढची वाट खाली पुलावर उतरते आणि समोरचा उभा डोंगर चढते. मधल्या टप्प्यावर सँत फ्वाचं छोटं देऊळ आहे. तिथे पोचलेला वाटसरू घंटा वाजवतो, ती इकडे गावात ऐकू येते. आम्ही ओट्यावर बसून राहिलो. बसची वेळ होत आली होती. पावणेदहाला घंटा वाजली, पाठोपाठ लगेच दुसऱ्यांदा. लेक म्हणाली, "यातली तिची कुठली?"

"दोन्ही," मी म्हटलं, आणि सॅक उचलली.