हाजीचं दुसरं पिवळं कार्ड

पंचांच्या वर्गात पुष्कळ क्लिप्स दाखवतो, पण वर्ग हमखास दोन गटांत फुटतो तो एकाच क्लिपवर. 24 जून 2000, ब्रुसेल्स. युरोची, म्हणजे युरोपातल्या देशांच्या फुटबॉल स्पर्धेची, उपांत्यपूर्व फेरी, इटली 2, रुमानिया 0. 59व्या मिनिटाला रुमानियाचा ग्योर्गे हाजी पडतो, पंच डाइव्हबद्दल, म्हणजे धक्का बसल्याचं सोंग करून पडल्याबद्दल, त्याला सामन्यातलं दुसरं पिवळं दाखवतो आणि म्हणून पाठोपाठ लाल. रुमानियासाठी 35 गोल करणारा, 1994च्या विश्वचषकात कोलंबियाच्या गोलकीपरच्या डोक्यावरून मैदानाच्या डाव्या कडेवरून चेंडू जाळ्यात टाकणारा हा माणूस देशासाठी पुन्हा खेळला नाही.

बाहेरच्यांना वाटतं, पंच चेंडूकडे बघतो. डाइव्ह पकडायची तर नजर पायांवर हवी. आक्रमक आणि बचावपटू यांच्यामधली फट दिसेल असा बाजूचा कोन हवा, अंतर साधारण 10 ते 15 मीटर. थेट मागून बघितलं की दोन शरीरं एक होतात आणि स्पर्श झाला की नाही हे कळतच नाही. खुणा ठरलेल्या आहेत: धक्का बसायच्या आधीच गुडघे वाकलेले, मागचा पाय ओढत आणलेला, दोन्ही हात एकदम वर. खरंच अडखळलेला माणूस आधी तोल सावरायला बघतो. यातली एकच खूण दिसली तर शिट्टी वाजवू नये, असं मी सांगतो. दोन दिसल्या तर कचरू नये.

शिवाय पंचांच्या हातात तेव्हा नवं हत्यार होतं. पंचाला फसवण्यासाठी केलेलं सोंग म्हणजे पिवळं कार्डच, हे नियमात स्पष्टपणे आलं 1999 मध्ये. ही त्यानंतरची पहिलीच युरो. त्यामुळे ‘एवढ्या मोठ्या खेळाडूला एवढ्याशा कारणावरून?’ हा वर्गातला लाडका प्रश्न मला पटत नाही. मोठेपणाला नियमात जागा नाही आणि हाजीला हे माहीत नसण्याचं कारण नव्हतं. पिवळ्या कार्डांमुळेच तो त्याआधीच्या इंग्लंडविरुद्धच्या सामन्याला मुकला होता. तो सामना रुमानियाने त्याच्याशिवाय 3-2 जिंकला.

ब्रुसेल्सच्या पाच आठवडे आधीचं कोपनहेगनही आठवावं. यूईएफए कप या युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेची फायनल, हाजीचा इस्तंबूलचा क्लब गलातासराय विरुद्ध इंग्लंडचा आर्सेनल, 0-0, जादा वेळ नुकतीच सुरू झालेली. आर्सेनलच्या टोनी अॅडम्सशी ओढाताण झाली, हाजीने त्याच्या पाठीत ठोसा हाणला आणि थेट लाल. ते प्रकरण पंचासाठी सोपं. अहवालात मिनिट, जागा, कशाने मारलं, कुठे लागलं आणि चेंडू किती लांब होता एवढं लिहिलं की झालं. अवघड झालं ते संघाचं. तेव्हा गोल्डन गोलचा नियम लागू होता, म्हणजे एक गोल खाल्ला की खेळ खलास, आणि मैदानात दहाच जण. बाहेर काढलेला खेळाडू पेनल्टी शूटआउटमध्येही चालत नाही. शेवटी निर्णायक पेनल्टी मारली ती हाजीच्याच साडूने, गिका पोपेस्कूने. 4-1. कप इस्तंबूलला गेला आणि लाल कार्डाची चर्चा जल्लोषात विरून गेली. ब्रुसेल्समध्ये सावरून घ्यायला असं कुणी नव्हतं.

पण माझ्या डोक्यातून जात नाही ते दुसरं पिवळं नव्हे, पहिलं. डाइव्हच्या जेमतेम चार मिनिटं आधी हाजीने इटलीच्या अंतोनियो कॉन्तेवर केलेला टॅकल घातक होता. कॉन्तेला मैदान सोडावं लागलं आणि त्या स्पर्धेत तो पुन्हा दिसला नाही. त्यावर पिवळं! आजच्या निकषावर ते सरळ लाल आहे, आणि माझ्या मते तेव्हाही होतं. पंच तिथे मऊ पडला. कर्णधार, पस्तिशीतला दिग्गज, हरत चाललेला संघ, या सगळ्याचं दडपण पंचांवर येतं, कुणी कितीही नाकारो. समालोचकांनाही डाइव्हच आवडतो, कारण त्यात नाटक असतं.

तिथेच लाल निघालं असतं तर डाइव्हचा प्रश्नच आला नसता. म्हणून हल्ली मी 55व्या मिनिटाची क्लिप आधी लावतो, कार्ड दाखवण्याआधी थांबवतो आणि प्रत्येकाकडून निर्णय लिहून घेतो. निम्मे अजूनही पिवळंच लिहितात.