उभे राहून सांगितलेला विश्वास : कोल्हापुरातील एक रविवार

आषाढातल्या एका रविवारी सकाळी, राजाराम बंधारा पंचगंगेच्या पाण्याखाली गेलेला असताना, मी कोल्हापुरातील अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चमधून आलेल्या, परंपरेच्या एका दगडी चर्चमध्ये उपासनेला जाऊन बसलो. आदल्या संध्याकाळी अंबाबाईचे दर्शन झाले होते, त्यामुळे आत पाऊल टाकताच नजर दिशा शोधू लागली. अंबाबाई पश्चिमाभिमुख आहे, म्हणूनच किरणोत्सवात मावळतीची किरणे गाभाऱ्यापर्यंत पोहोचतात. येथे वेदी पूर्वेच्या टोकाला आहे. चर्चच्या बांधणीचा हा जुना संकेत उगवतीशी, म्हणजेच ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाच्या सकाळशी जोडलेला आहे. देवीसमोर हात जोडणारा भक्त आणि या बाकांवरची मंडळी, दोघांचेही तोंड पूर्वेकडेच असते, हे मला तिथे बसल्यावर प्रथमच जाणवले.

वेदीवर हिरवे कापड अंथरले होते. पेन्टेकॉस्ट, म्हणजे पवित्र आत्मा उतरल्याचा सण, त्यानंतरच्या लांबलचक काळाचा हा रंग. नाताळापूर्वीच्या आगमनकाळात व ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात जांभळा, नाताळ व ईस्टरला पांढरा, पेन्टेकॉस्टला आणि हुतात्म्यांच्या दिवशी लाल. बाहेर पावसाने सगळे हिरवे झालेले असताना आतही हिरवेच दिसावे, हा अर्थात योगायोग.

शेजारच्या आजींनी माझी चाचपडणारी बोटे पाहिली आणि प्रार्थनापुस्तक हातातून घेत म्हणाल्या, "बसा की, पान मी काढून देते. तुम्ही नुसतं वाचत राहा." या परंपरेचे मर्म बहुधा याच वाक्यात आहे. या चर्चचा विश्वास काय, असे विचारले तर उत्तर म्हणून एखादा सिद्धान्तग्रंथ नव्हे, तर उपासनेचे पुस्तक हाती येते. लॅटिनऐवजी लोकांच्या भाषेत उपासना व्हावी यासाठी आर्चबिशप थॉमस क्रॅन्मर यांनी इंग्लंडमध्ये १५४९ साली पहिले सामाईक प्रार्थनापुस्तक सिद्ध केले, आणि १६६२ ची आवृत्ती पुढे जगभर प्रमाण ठरली. १५७१ चे, श्रद्धेची मते मांडणारे एकोणचाळीस नियमही आहेत. पण बाकावर बसलेल्या माणसाला ते क्वचितच आठवतात, पापकबुली मात्र तोंडपाठ असते.

ती पापकबुली सर्वांनी गुडघे टेकून एका सुरात म्हटली. विचाराने, शब्दाने आणि कृतीने घडलेल्या चुका मोजताना कोणी स्वतःच्या घरचे सांगत नाही, तरी आवाज खाली येतात. पाळकसाहेबांनी क्षमेचे शब्द उच्चारले आणि मग वाचने झाली : जुना करार, स्तोत्र, पत्र, आणि शेवटी शुभवर्तमान, ज्याच्या वेळी सगळे उभे राहिले. प्रवचन आटोपशीर होते. त्यानंतर पुन्हा उभे राहून निकेयाचा मतांगीकार, म्हणजे विश्वासाची जाहीर कबुली, झाला. एकच देव पिता, पुत्र व पवित्र आत्मा या रूपाने. पुत्र मनुष्य झाला, क्रुसावर मेला, तिसऱ्या दिवशी उठला. आणि मेलेले पुन्हा उठतील. चौथ्या शतकात घडलेले हे शब्द एवढी माणसे मराठीत, छत्र्यांचे पाणी फरशीवर ठिबकत असताना म्हणत होती. जगभरच्या अँग्लिकन बिशपांच्या १८८८ च्या लॅम्बेथ परिषदेने जे चार आधार मान्य केले, त्यांत पवित्र शास्त्र, दोन प्राचीन मतांगीकार, बाप्तिस्मा व प्रभुभोजन हे दोन संस्कार आणि बिशपांची परंपरा येते. त्यांपैकी शास्त्र आणि दोनपैकी एक मतांगीकार मी तासाभरात ऐकले होते, आणि तिसऱ्यातील प्रभुभोजन आता समोर होते.

मराठी बायबलमधील एक शब्द मला येथे फार आवडला. प्रभूच्या प्रार्थनेत "रोजची भाकर" मागितली जाते, आणि प्रभुभोजनातही ख्रिस्त मोडतो ती भाकरच. कोल्हापुरात या शब्दाला जो खरखरीत, चुलीवरचा वास आहे, तो दुसऱ्या कोणत्याही शब्दाला आला नसता. भाकर आणि द्राक्षारस यांचे मूळ द्रव्य पालटते, हे मत एकोणचाळीस नियमांनी नाकारले. पण विश्वासाने घेणाऱ्याला ख्रिस्त खरोखर मिळतो, हेही तितक्याच ठामपणे मानले. कसा मिळतो, याच्या व्याख्येत ही परंपरा फार शिरत नाही, आणि मला तो संयम पटला. मंडळी वेदीपाशी गेली. बाप्तिस्मा झालेला नसल्याने मी बाकावरच थांबलो.

कोल्हापुरात प्रॉटेस्टंट मिशनची सुरुवात अँग्लिकनांनी नव्हे, तर १८५२ साली आलेल्या अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर यांनी केली, आणि त्यातून येथे वाढला तो प्रेस्बिटेरियन प्रवाह. तेथे बिशप नव्हते, वडीलवर्ग, म्हणजे मंडळीने निवडलेली ज्येष्ठ माणसे, होता. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले, तेव्हा अँग्लिकन आणि प्रेस्बिटेरियन हे दोन्ही प्रवाह इतर काही चर्चसंस्थांसह एक झाले. त्यामुळे तान्ह्या मुलांचा बाप्तिस्मा आणि जाणत्या वयातला बाप्तिस्मा, दोन्ही आता एकाच चर्चमध्ये मान्य आहेत.

आशीर्वचनानंतर पडवीत चहा होता. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये, म्हणजे याच अँग्लिकन परंपरेच्या घरी, चहा घेतल्याबद्दल रानडे आणि टिळक यांच्यावर प्रायश्चित्ताची पाळी आली होती, हे मी आजींना सांगितले. त्यांनी माझा रिकामा कप पाहिला आणि विचारले, "मग आणखी देऊ का?" मी कप पुढे केला.